मदत हवी आहे : कागदपत्रं नसलेल्या हमाल मामांच्या पायाचा उपचार (बेळगाव)

नमस्कार मंडळी. रविवार पेठेत आमचं छोटं दुकान आहे, तिथं गाड्या उतरवायला एक हमाल मामा येतात. वय साठीच्या पुढं, मूळचे चंदगड तालुक्यातले, घरचं कोण उरलेलं नाही. रात्री बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपतात, पाऊस असला की बसस्टँडवर. त्यांना शुगर आहे आणि आता उजव्या अंगठ्याखाली जखम झालीय, दुखत नाही म्हणून फडकं गुंडाळून तसेच पोती उचलायलेत, पण शुगरमध्ये पायाची जाणीवच जाते म्हणून ती दुखत नाही ना, भीती तीच आहे, आणि आता वासही यायलाय.

आधार आणि रेशन कार्ड असलेली पिशवी चोरीला गेली, नंबर पाठ नाही. एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो तर ड्रेसिंग करून दिलं पण ॲडमिटचं विचारल्यावर कार्ड आणा, सोबत कोण राहणार ते सांगा. फॉर्म सगळे कन्नडमध्ये, मामांना बोलायला येतं थोडं, वाचायला नाही. कर्नाटक सरकारच्या नम्म क्लिनिकात शुगर फुकट बघतात, गोळ्या पण देतात, सोय खरंच चांगली आहे, पण ते सकाळी ९ ते साडेचार आणि हमालीची वेळ पण तीच. मामा म्हणतात, पाय वाचंल रे, पण तोवर पोट कुठं ठेवू?

कार्डाशिवाय ॲडमिट करून घेतात काय? आधार परत कसं काढायचं? आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये फुकट उपचारांची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं होतं, ती मामांना लागेल काय? कोणी केलं असेल तर सांगा की प्लीज.

प्रतिसाद : खानापूरकर
वास यायलाय म्हणताय तर कार्डाची वाट बघू नका, आजच कॅज्युअल्टीला न्या. ताप असला किंवा लाली वर चढत असली तर सरळ १०८ ला फोन करा. तातडीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्याने परत पाठवणं म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भंग आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय, बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक दवाखान्यांनी परत पाठवलं होतं त्या केसमध्ये. काउंटरवर भांडू नका, ड्युटी डॉक्टरला भेटा आणि ॲडमिट करत नसाल तर कारण केसपेपरवर लिहून द्या म्हणा.

प्रतिसाद : सेवा केंद्रवाला
आधार एकदा निघालेलं असेल तर नवीन काढायचं नाही, केंद्रावर बायोमेट्रिकवरून जुनंच सापडतं. हमाली करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, ऑपरेटर नाही म्हणाला तर डोळ्यांचं स्कॅन करा म्हणून सांगा. मामा मूळचे महाराष्ट्रातलेच, त्यामुळं ८६५ गावांचा प्रश्न त्यांना येत नाही. आधी केंद्राच्या आयुष्मान भारत या फुकट उपचारांच्या योजनेच्या यादीत नाव आहे का बघा. ते कार्ड दुसऱ्या राज्यात पण चालतं, म्हणजे यादी महाराष्ट्राची असली तरी इथल्या जोडलेल्या हॉस्पिटलात उपचार होतात.

प्रतिसाद : वडगावची नर्स
दादा, त्या पायावर वजन पडू देऊ नका, निम्मा उपचार तोच आहे. अनवाणी तर अजिबात नको. इन्सुलिन सुरू झालं तर फ्रीज नाही म्हणून थांबवू नका, उघडलेली बाटली उन्हापासून लांब, गार जागी साधारण चार आठवडे चालते, फक्त ३० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. तुमच्या दुकानात माठाशेजारी ठेवली तर सगळ्यात बरं. आणि जेवण चुकलं तर जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊ नका म्हणावं, शुगर एकदम खाली जाते, ते रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला जास्त धोक्याचं.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. दुकान भावावर सोडून आत्ताच निघतोय मामांना घेऊन, सोबत मीच राहीन म्हणून लिहून देतो. बाटली दुकानात ठेवायची जबाबदारी माझी. आधार पाय सुधारल्यावर. डिस्चार्जनंतर पाय खाली न ठेवता पायरीवर कसं राहणार एवढंच आता डोक्यात आहे. महापालिकेच्या रात्र निवाऱ्यात जखम असलेल्या माणसाला दिवसा पण राहू देतात काय? शहापूर, अनगोळ, टिळकवाडीकडं महिनाभर खाली एक खोली देणारं कोणी असेल तर भाडं आम्ही पेठेतले दुकानदार मिळून भरतो, मेसेज करा.