मदत हवी आहे: आसनं झाली की ध्यानाला बसवतच नाही

भट्टीवाला: चार महिने झाले, रोज आसनं करून लगेच ध्यानाला बसतो. दहा मिनिटांत एकतर डुलकी लागते नाहीतर जुनी भांडणं आठवून डोकं तापतं. आसनं करताना अंग मस्त हलकं होतं, मग बसलं की हे काय? आधी ध्यान आणि मग आसनं असं करू का? सगळं मिळून पाऊण तास आहे, लवकर सांगा. आणि 'मनावर घेऊ नको' असलं नको, ते बायको रोज सांगते.

टिळकवाडीकर: वय काय, कुठली आसनं, किती वाजता? काहीच लिहिलं नाहीस की.

भट्टीवाला: ४१. सूर्यनमस्कार २४, मग कपालभाती ३००. साडेसातला.

खानापुरी: इगतपुरीला १० दिवसांचं विपश्यना शिबिर कर, विषय संपला. मी दोनदा करून आलोय. तिथं आसनं बंद ठेवायला सांगतात, ध्यान म्हणजे ध्यान.

निपाणीची काकू: अहो ते शिबिरापुरतं बंद, आसनं वाईट म्हणून नव्हे. आणि १० दिवस रजा कोण देणार त्याला? पतंजलींनी योगसूत्रात आसनाची व्याख्याच 'स्थिरसुखमासनम्' अशी केलीय. घाईघाईत घातलेल्या २४ नमस्कारांत ना स्थिर ना सुख.

खानापुरी: म्हणजे सूर्यनमस्कार चुकीचे काय?

निपाणीची काकू: असं कोण म्हणालं?

कुंदाप्रेमी: मॅट कुठली वापरता? माझी सहा महिन्यांत फाटली. खडेबाजारातनं सतरंजी घ्या सरळ.

टिळकवाडीकर: साडेसात सकाळी की संध्याकाळी? बीपी वगैरे?

भट्टीवाला: सकाळी, नाईटवरनं आल्यावर. उद्यमबागला फाउंड्रीत आहे, आठवड्याआड नाईट. बीपीची गोळी चालू आहे, त्याचा काय संबंध?

टिळकवाडीकर: हात्तिच्या! मर्दा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! बीपीला जोरात कपालभाती करत नाहीत, आधी बंद कर आणि डॉक्टरला विचार. आणि रात्रभर जागून बसलास तर डुलकी येणार नाही तर काय. आमच्या क्लासात मॅडम कन्नडमधनं 'उसिरु बिडी' म्हणून सावकाश श्वास सोडायला लावतात, नुसत्या त्यानंच निम्मं काम होतं.

खानापुरी: बेळगावात मराठीतनं शिकवणारं कोण मिळालं नाही काय?

टिळकवाडीकर: श्वासाला भाषा नसते रे. सीमाप्रश्न १९५६ पासून ताटकळलाय, अजून पाच मिनिटं थांबेल.

निपाणीची काकू: भट्टीवाले, क्रम बदलू नका, आसनं आधीच. फक्त नाईटच्या आठवड्यात सहाच नमस्कार, प्रत्येक स्थितीत दोन-तीन श्वास थांबून. मग पाच मिनिटं शवासन, ते तुम्ही गाळतच असणार. मग घोंगडी दुमडून तिच्यावर बसा, गुडघे कमरेपेक्षा खाली यायला पाहिजेत, नाहीतर पाठ वाकते आणि झोप येते. डोळे अर्धे उघडे. भांडणाचं म्हणाल तर ते हाकलायला जाऊ नका. पश्चिमोत्तानासनात पाय पसरून पुढं वाकल्यावर मांडीमागची शीर कुठं ओढते बघता ना, तसंच राग कुठं धरलाय ते बघायचं. माझा खांद्यात असतो, सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

कुंदाप्रेमी: घोंगडी कुठली?

भट्टीवाला: काकू, आज करून बघितलं. भावाचं भांडण आलंच, जबडा आवळलेला होता, व्हय. पण बसल्यावर झोप नाही लागली. शवासनात मात्र घोरलो म्हणे, ते चालतंय काय?