जॉर्जियानाची मुलं

अठराव्या शतकातली इंग्लंडमधली डेव्हनशरची डचेस (ड्यूकची पत्नी) जॉर्जियाना. 'जॉर्जियाना म्हणजे फॅशन आणि जुगार' असं एक मत आहे, ते मला फार अपुरं वाटतं. कर्ज होतंच, तेही अफाट, आणि ते ती नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवत राहिली. पण तिच्या घराकडे बघा ना.

स्पेन्सर घराण्यातली ही मुलगी १७७४मध्ये, सतराव्या वर्षी, डेव्हनशरच्या पाचव्या ड्यूकची पत्नी झाली. ड्यूकला आधीच एक अनौरस मुलगी होती, शार्लट. तिला जॉर्जियानानेच वाढवलं. स्वतःच्या दोन मुली १७८३ आणि १७८५च्या, वारस मुलगा थेट १७९०चा. मधली सगळी वर्षं 'वारस कधी?' याच दडपणाखाली गेली. त्यात तिची जिवलग मैत्रीण एलिझाबेथ फॉस्टर त्याच घरात राहायची, आणि तिला ड्यूकपासून दोन मुलं झाली!

हीच मोकळीक जॉर्जियानाला मात्र नव्हती. चार्ल्स ग्रेपासून (हाच पुढे १८३०मध्ये पंतप्रधान झाला) दिवस गेल्यावर तिला परदेशी धाडलं गेलं. मुलगा तेव्हा जेमतेम दीड वर्षांचा. १७९२मध्ये फ्रान्समध्ये झालेली एलायझा ग्रेच्या आईवडिलांकडे वाढली. तेव्हा मुलांवर कायद्याने हक्क बापाचा, त्यामुळे एलायझाला सोडून देण्याची ड्यूकची अट मानण्यावाचून तिच्यापुढे पर्याय नव्हता. १७९३मध्ये ती परतली. १८०६मध्ये, अवघ्या ४८व्या वर्षी गेली. तीन वर्षांनी ड्यूकने एलिझाबेथशी लग्न केलं.

आणि हो, स्पेन्सर घराण्यातलीच राजकुमारी डायना जॉर्जियानाच्या थेट वंशातली नव्हे, तिच्या भावाच्या वंशातली.