'छत्रसंस्था', 'शिखर संस्था' की 'महासंघ'?

मुळाक्षर
युरोपातील अपंगत्वविषयक सेवांवरच्या एका अहवालाचा अनुवाद करताना पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली आहे. ईएएसपीडी (युरोपियन असोसिएशन ऑफ सर्व्हिस प्रोव्हायडर्स फॉर पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज) ही १९९६ साली स्थापन झालेली, ब्रुसेल्सला मुख्यालय असलेली संघटना आहे. रोजगारसाहाय्य, शिक्षण, निवास अशा सेवा देणाऱ्या निरनिराळ्या देशांतील संस्था आणि त्यांचे राष्ट्रीय संघ तिचे सभासद आहेत. मी तिला 'छत्रसंस्था' म्हटले. मुद्रितशोधकांनी त्यावर काट मारून 'शिखर संस्था' केले आणि नावाचा अनुवाद 'अपंगांच्या सेवापुरवठादारांची युरोपीय संघटना' असा सुचवला. मला दोन्ही खटकते. जाणकारांनी मत द्यावे.

जुना दप्तरी
'शिखर' हा सहकारातला शब्द आहे. शिखर बँक म्हटले की खाली जिल्हा बँका, त्यांच्याखाली गावच्या सोसायट्या आणि वरून खाली येणारा पैसा, अशी उतरंड डोळ्यांसमोर येते. सभासदांच्या वतीने धोरणकर्त्यांशी बोलणे हेच जिचे मुख्य काम आहे, तिला शिखरावर बसवण्याचे कारण नाही. शिक्षकांचे आणि कामगारांचे महासंघ आपल्याकडे आहेतच. सरळ 'महासंघ' लिहावे.

रफार
'महासंघ' मान्य, पण 'छत्र' का नको याचे कारण वेगळे आहे. पितृछत्र, राजछत्र, अन्नछत्र, कुठलेही घ्या. छत्राखालचा माणूस आश्रित असतो. अपंगांच्या चळवळीने ज्या आश्रितपणाविरुद्ध इतकी वर्षे भांडण मांडले, तोच शब्दाच्या मागल्या दाराने आत घेऊ नये.

उकार
अन्नछत्राचा छत्रीशी संबंध नाही. मूळ शब्द 'अन्नसत्र'. सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ किंवा दान. बोलताना 'स'चा 'छ' झाला आणि लोकांना त्यात छत्र दिसू लागले.

रफार
व्युत्पत्ती कबूल, पण लोकांना छत्र दिसते ना? मग अर्थही तोच लागणार. शिवाय या संघटनेच्या छत्राखाली उभ्या आहेत त्या संस्था, अपंग व्यक्ती नव्हेत. वाचकाचा घोटाळा तिथेच होईल.

निःसंदिग्ध
मूळ दुखणे छत्रात नसून षष्ठीत आहे. 'अपंगांच्या संस्था' म्हणजे कोणाच्या? मराठीत 'अंधांची शाळा' अंधांनी काढलेली नसते, ती अंधांसाठी असते. 'विणकरांची सोसायटी' मात्र विणकरांनीच चालवलेली असते. प्रत्यय एकच, अर्थ दोन. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१८ च्या सातव्या सर्वसाधारण टिप्पणीत नेमका हाच भेद केला आहे. ज्यांचे नेतृत्व आणि कारभार अपंग व्यक्तींच्या हाती आहे आणि ज्यांच्या सभासदांत त्यांचे स्पष्ट बहुमत आहे, त्या संस्था एका बाजूला. त्यांच्यासाठी सेवा देणाऱ्या वा त्यांच्या वतीने बोलणाऱ्या दुसऱ्या बाजूला. करारातील चौथ्या अनुच्छेदानुसार सरकारांनी सल्लामसलत करायची ती पहिल्या प्रकारच्या संस्थांमार्फत. ब्रुसेल्समध्येच असलेला युरोपियन डिसॅबिलिटी फोरम पहिल्या प्रकारचा, ईएएसपीडी दुसऱ्या. तुमच्या मुद्रितशोधकांच्या अनुवादात तर दुहेरी षष्ठी आहे आणि ते पुरवठादार स्वतःच अपंग आहेत असेही वाचता येते. 'अपंग व्यक्तींसाठी सेवा देणाऱ्या संस्थांचा युरोपीय महासंघ' असे लांबलचक लिहिणे भाग आहे, आणि पहिल्या प्रकारासाठी तृतीयेला शरण जावे: 'अपंग व्यक्तींनी चालवलेल्या संस्था'.

शुद्धमती
भेद पटला. परंतु 'पुरवठादार' या शब्दाकडे कोणीच पाहिले नाही. त्यातला 'दार' फारसी आहे हे सोडून देऊ. सिमेंट, खडी आणि कार्यालयीन स्टेशनरी पुरवणारा ठेकेदार त्यातून डोकावतो, हे कसे सोडावे? 'सेवादाता' हा सुटसुटीत आणि आपला शब्द आहे.

रफार
आणि 'दाता' म्हटल्यावर हात पसरलेला याचक डोकावतो, त्याचे काय? त्यापेक्षा ठेकेदार बरा. त्याच्याकडे निदान कराराप्रमाणे मागणी करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या त्या करारातील १९ वा अनुच्छेद वैयक्तिक साहाय्याचा उल्लेख करतो. त्याच समितीच्या २०१७ च्या पाचव्या टिप्पणीप्रमाणे त्यात निधी अपंग व्यक्तीच्या ताब्यात असायला हवा. साहाय्यक कोण असावा, त्याने काय आणि कधी करावे, हेही तिनेच ठरवायचे आहे. तिथे दाता कोण आणि घेणारा कोण? आपल्या सरकारी मराठीतला 'लाभार्थी' तर या व्यवस्थेत बसतच नाही. मालकाला कोणी लाभार्थी म्हणत नाही.

शुद्धमती
विद्यादाता शिकवतो तेव्हा कोणी याचक होत नाही. शब्दावर इतके ओझे लादले तर कोणताच शब्द उभा राहणार नाही.

उकार
मग 'अपंग' हा शब्दही तपासा. सरकारदरबारी आता 'दिव्यांग' चालते.

निःसंदिग्ध
ब्रुसेल्समधल्या संघटनेच्या नावात दिव्यत्व कुठून आणणार? मूळ नावात 'व्यक्ती' हा शब्द स्वतंत्रपणे आहे. 'अपंग व्यक्ती' एवढे पुरे. 'दिव्यांग' योग्य की अयोग्य हे इथे सुटणार नाही.

मुळाक्षर
'महासंघ' आणि 'साठी' घेतले. तरी पुढच्याच वाक्यात या महासंघाच्या सभासदांमध्ये 'राष्ट्रीय महासंघ' येतात, तेव्हा महासंघांचा महासंघ होतो. तसेच अपंग मुलांच्या पालकांनी चालवलेल्या, स्वतः सेवाही देणाऱ्या संस्थांचा उल्लेख आहे. त्यांना निःसंदिग्ध यांची तृतीया लागू पडते की चतुर्थी?

जुना दप्तरी
आतल्यांना 'संघ' करा, बाहेरच्याला 'महासंघ' राहू द्या. पालकांचे तुम्हीच ठरवा.

शुद्धमती
आणि 'सेवादाता'?