शब्दचर्चा : 'धार्मिक उन्माद' हा शब्द पुरेसा आहे का?

प्रश्न : केन रसेल यांच्या १९७१ सालच्या 'द डेव्हिल्स' या चित्रपटाचा रसास्वाद लिहिताना 'रिलिजस हिस्टेरिया' या संज्ञेशी अडखळलो आहे. फ्रान्समधील लूदां या गावी १६३२ मध्ये अर्सुलाइन या कॅथलिक पंथाच्या मठातील जोगिणींना सैतानाने पछाडल्याचा बोभाटा झाला आणि १८ ऑगस्ट १६३४ रोजी ऊर्बँ ग्रांदिए या धर्मगुरूला चेटूक केल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. चित्रपट या घटनेवर बेतलेला आहे. 'धार्मिक उन्माद' लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे दंगलखोर जमाव उभा राहतो. येथे मात्र सारे एका मठाच्या आत, आपल्याच धर्माच्या माणसांत घडते. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : वृत्तपत्रांनी 'उन्माद' झिजवला आहे हे खरे, पण मूळ शब्द फार खोल आहे. रसशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी (म्हणजे येत-जात राहणाऱ्या, अस्थिर) भावांत तो आहे, आणि आयुर्वेदाने 'आगंतू उन्माद' असा वेगळा प्रकार मानून देव, गंधर्व, राक्षस इत्यादींच्या बाधेने होणारा विकार त्यात घातला आहे. म्हणजे लूदांच्या लोकांना जे वाटत होते, त्यासाठी आपल्याकडे शास्त्रीय नाव तयारच होते. उलट 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशयवाचक ग्रीक शब्दावरून आलेला असल्याने सगळा दोष स्त्रीच्या देहावर टाकतो, आणि ते येथे विशेष खटकते.

परंतु चित्रपट ज्याकडे बोट दाखवतो ती गोष्ट यांपैकी एकाही नामात मावत नाही, कारण ती क्रियापदात आहे. मराठीत 'अंगात येणे' आणि 'अंगात आणणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चित्रपटात वेषांतर करून आलेला फ्रान्सचा राजा ख्रिस्ताच्या रक्ताचा अवशेष म्हणून एक पेटी पुढे करतो, तिच्या प्रभावाने जोगिणी तत्क्षणी शांत होतात, आणि मग तो पेटी उघडून ती रिकामी असल्याचे दाखवतो. हा प्रसंग म्हणजे 'आणणे' या प्रयोजक रूपाचे दृश्य व्याकरणच आहे. आणणारे कोण, हेही दिग्दर्शक लपवत नाही. राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याला गावाची तटबंदी पाडायची आहे आणि ग्रांदिए आड येतो, म्हणून भूत उतरवण्याचे विधी चव्हाट्यावर मांडले जातात. नेपथ्यकार डेरेक जार्मन यांनी उभारलेल्या पांढऱ्याशुभ्र विटांच्या नगरीत हा किळसवाणा खेळ चालतो, त्यामुळे त्याची कृत्रिमता अधिकच बोचते. (ब्रिटिश सेन्सॉरने कात्री चालवूनच प्रदर्शनाला परवानगी दिली.)

दुसरे उत्तर : वरील भेद मान्य, पण सर्वांना एकच क्रियापद लावू नये. व्हेनेसा रेडग्रेव्ह यांनी साकारलेली कुबडी मठाध्यक्षा सिस्टर जान निव्वळ सोंग करत नाही. ज्या ग्रांदिएशी ती कधी बोललेलीही नाही त्याच्याविषयीची तिची वासना खरी आहे आणि तिचा ताप खरा आहे. तिच्या तोंडून निघालेल्या नावाचा उपयोग दुसरेच करून घेतात. तिच्यासाठी मी 'झपाटणे' वापरेन. मराठीत भूतही झपाटते आणि माणूसही, आणि ऐकणाऱ्याला कोणते ते संदर्भानेच ठरवावे लागते. तिच्याबाबतीत ते ठरवताच येत नाही. 'धर्मवेड' टाळावे, कारण नाटकाचे किंवा गाण्याचे वेड असते तसा त्या शब्दात थोडा कौतुकाचा सूर मिसळतो. 'धर्मांधता' तर मतांविषयी बोलते, आणि या चित्रपटात ठाम मते असलेला माणूस जळणारा आहे, जाळणारे नव्हेत.

शीर्षकात 'उन्माद' राहिला तरी हरकत नाही. लेखात मात्र 'जोगिणींच्या अंगात आले' असे लिहिण्याऐवजी 'जोगिणींच्या अंगात आणले गेले' असे लिहावे. कर्मणी प्रयोग एरवी मला आवडत नाही.