मदत हवी आहे : कोडॅक बुडाली, फुजीफिल्म तरली, नेमकी कशामुळे?

नमस्कार मंडळी,
व्यवस्थापनाच्या वर्गात 'बदलत्या उद्योगातली स्पर्धा' यावर मला बोलायचं आहे आणि एका जागी मी पुरती अडकले आहे.

कॅमेऱ्याच्या फिल्मचे रोल बनवणाऱ्या कोडॅकने डिजिटल कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून ती बुडाली, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये त्यांच्याच अभियंत्याने, स्टीव्ह सॅसनने, बनवला होता. पुढे त्यांनी असे कॅमेरे विकलेही. तरी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तिची जपानी स्पर्धक फुजीफिल्म हिचाही रोलचा धंदा आटला, पण तिने फिल्मचं रसायनशास्त्र दुसरीकडे वळवलं: एलसीडी पडद्यांना लागणारी फिल्म आणि पुढे चक्क त्वचेची प्रसाधनं! (फिल्ममधल्या जिलेटिनचं मूळ कोलॅजेन, म्हणून हे जमलं.)

माझी अडचण पुढे आहे. रसायनं आणि औषधं कोडॅककडेही होती. १९९४ मध्ये तिने रसायन विभाग वेगळा केला, औषधांचा धंदाही विकला. तेव्हा 'मूळ व्यवसायावर लक्ष द्या' हा सल्ला शहाणपणाचाच वाटला असणार. मग आपलं खरं बळ उत्पादनात आहे की त्यामागच्या कौशल्यात, हे कंपनीने वेळेआधी ओळखायचं कसं? निकाल कळल्यावर सगळंच सोपं दिसतं, ते मला नको आहे.

धोरण विभागात काम केलेल्यांनी अनुभव सांगितलात तर फार मदत होईल. उलटं उदाहरण, म्हणजे विस्तारामुळेच बुडालेली कंपनी, असेल तर तेही हवंच आहे.