अनुभव धागा: फिलिपिन्समधली जीपनी, ट्रायसिकल, पाड्याक आणि बाकीची मंडळी

फिलिपिन्समध्ये राहिलेले, शिकायला गेलेले, बोटीवरून उतरून भटकलेले बरेच जण इथे आहेत असं दिसतंय. समुद्रकिनाऱ्यांचे फोटो आता पुरे झाले. इथे फक्त रोजची वाहनं लिहू या. विमान, मेट्रो आणि ॲपवरच्या टॅक्सी बाद. ऐकीव नको, स्वतः बसलेलं हवं. सुरुवात मी करते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत होतो. जीपनी म्हणजे लांबवलेल्या जीपसारखी तिथली शेअर गाडी. तिला कंडक्टर नसतो. मागून वाकून चढायचं आणि समोरासमोरच्या लांब बाकांवर सरकत आत जायचं. मागे बसलेला 'बायाद पो' (हे भाडं घ्या) म्हणत पैसे पुढे करतो. शेजारचा त्याच्याकडे न बघताच हात पुढे करतो, पुढच्याला देतो आणि नाणी अशी हातोहात ड्रायव्हरपाशी पोचतात. ड्रायव्हर एका हाताने गाडी चालवतो, दुसऱ्याने मोड मोजतो. उभ्या घडीच्या नोटा त्याच्या बोटांच्या बेचक्यात असतात, नाणी काचेखालच्या लाकडी पेटीत कप्प्याकप्प्यांत. उरलेले पैसे आले त्याच वाटेने परत, आणि मधल्या मधे एक पेसोही गळत नाही. सकाळी मोठी नोट काढू नये, 'सकाळी सुट्टेच द्या' अशी पाटीच असते. ड्रायव्हरच्या अगदी मागे बसणाऱ्याच्या गळ्यात आपोआप कंडक्टरकी पडते, म्हणून जाणते लोक ती जागा टाळतात. मला तीच आवडायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या विलिस जीपा तिथल्या कारागिरांनी लांबवल्या, वर छप्पर घातलं, आत बाक ठोकले. लिओनार्दो साराव नावाच्या, आधी घोडागाडी हाकणाऱ्या माणसाने १९५३ साली लास पिन्यासला जीपनीचा कारखाना काढला. त्याच विलिस जीपा १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतल्या. म्हणजे आमच्या साताऱ्याकडची वडाप आणि मनिलाची जीपनी एकाच आजीच्या नाती. फरक एवढाच की वडापमध्ये एक पोरगा दाराला लोंबकळत सगळ्यांकडून पैसे मागतो आणि इथे अर्धी गाडी प्रवासीच चालवतात.

बीडचा_डॉक्टर

दक्षिणेकडच्या दावाओ शहरात मेडिकलला आहे. मनिलात गाडी थांबवायला 'पारा' म्हणतात, इथं 'लुगार लांग!' म्हणून ओरडायचं, नाहीतर छपरावर नाण्यानं टकटक करायची. विद्यार्थ्याला भाड्यात २० टक्के सूट असते. नियमानं ती फक्त इथल्या नागरिकांना, पण पांढरा युनिफॉर्म बघून बरेच ड्रायव्हर तेवढेच कापतात. मी पण काही बोलत नाही.

पण खरी मजा डोंगरातली. वर्गातल्या एका मित्राच्या गावाला जायला जीपनी अर्ध्या रस्त्यापर्यंतच. पुढं स्कायलॅब! मोटरसायकलला आडव्या फळ्या बांधून दोन्हीकडं पंखांसारख्या बाहेर काढतात आणि त्यावर माणसं बसवतात. नाव त्याच अमेरिकन अंतराळस्थानकाचं, स्कायलॅबचं, जी १९७९ ला डोक्यावर पडणार म्हणून आमच्या आजोबांच्या गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या. ड्रायव्हर आधी सगळ्यांकडं नीट बघतो, मनात वजन करतो, मग कोण डावीकडं आणि कोण उजवीकडं ते सांगतो. मी आणि मित्राची मावशी डावीकडं. उजवीकडं केळीचे घड, तांदळाचं पोतं, आणि तरी कमी पडलं म्हणून एक शाळकरी पोरगं. मधेच ते पोरगं उतरलं तर ड्रायव्हरनं मला फळीवरून उठवून स्वतःच्या मागं घेतलं. चिखलाच्या चढावर सगळे उतरून ढकलतात, वर गेल्यावर परत आपापल्या जागी. पेशंटला खाली आणायचं तरी हेच वाहन. शिकताना हे डोक्यात ठेवावं लागतं: पेशंट आपल्यापर्यंत पोचतो तो अशा रस्त्यानं.

आगाशी

आम्ही लॉस बान्योसला होतो. यजमान आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत. विद्यापीठाच्या आवाराला फेरी मारणाऱ्या जीपन्यांवर 'कालिवा' नाहीतर 'कानान' लिहिलेलं असे, डावीकडून जाणारी आणि उजवीकडून जाणारी. पोचतात दोन्ही तिथेच. भाजीची पिशवी जड असली की मी मुद्दाम लांबच्या बाजूने जाणारीत बसायची, बसायला तर मिळे!

ट्रायसिकलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मोटरसायकलच्या बाजूला पत्र्याची डबीवजा बैठक, छत इतकं बुटकं की आंबाडा घालून बसणं अशक्य. दर गावची बैठक वेगळ्या घडणीची. परवाना नगरपालिका देते, नाक्यावर चालकांची संघटना असते आणि तिच्या फळ्यावर भाड्याचा तक्ता. आपण एकटेच बसून लगेच निघायचं म्हटलं की ती 'स्पेशल' झाली, मग रिकाम्या जागांचेही पैसे द्यायचे. ही एवढी एक गोष्ट समजली की भांडणं होत नाहीत.

२६ सप्टेंबर २००९ चं ओंडोय वादळ आम्ही तिथेच पाहिलं. मनिलाचं पाणी उतरलं, पण लगुना सरोवराकाठच्या वस्त्यांत ते कित्येक आठवडे ठाण मांडून होतं. ट्रायसिकलची इंजिनं बंद पडली तेव्हा पाड्याकवाले पुढे आले. पाड्याक म्हणजे सायकलला जोडलेली बैठक. त्यांनी चारच दिवसांत बैठकांखाली लाकडी ठोकळे घालून त्या उंच केल्या. मांडीएवढ्या पाण्यातून एक पाड्याकवाला पोरगा उतरून सायकल ओढत होता आणि वर बसलेल्या बाईच्या मांडीवर कोरड्या कपड्यांचं गाठोडं होतं. त्याच्याही पुढच्या गल्ल्यांत बांका, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबू लावलेल्या होड्या, घराघरांच्या दारात लागत होत्या.

गुहागरचा_खलाशी

बोटीवर निम्मे सोबती फिलिपिनोच असतात, त्यामुळे मनिलाला उतरलो की कोणी ना कोणी फिरवायला तयार. इंत्रामुरोसमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या तटबंदीच्या भागात, कालेसात बसलो. स्पॅनिशांच्या वेळची घोडागाडी, चाकं माणसाच्या छातीपर्यंत. गाडीवानाने एका फेरीचं बोललेलं भाडं उतरताना माणशी केलं. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याच्याशी टागालोगमध्ये असा काही बोलला की ते परत फेरीवर आलं. घोडा बघून मात्र जीव रमला नाही. दुपारचं ऊन, खाली डांबर. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर बंद झाल्या त्याचं मला तरी वाईट वाटलं नाही. उत्तरेकडच्या व्हिगान शहरात फरसबंदी रस्त्यावर कालेसा जास्त शोभते असं म्हणतात, पण मी तिथे गेलेलो नाही आणि इथला नियम ऐकीव नको असा आहे.

स्पॅनर

सगळे फार प्रेमात पडलेत, म्हणून थोडं कडू. माझी उंची सहा फुटांच्या वर. जीपनीत मान वाकडी करून बसल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मागच्या उघड्या दारातून आत येतो तो काळा धूर. बहुतेकींची इंजिनं जपानहून आलेली जुनी डिझेल इंजिनं. क्रोमचे घोडे, देवाच्या तसबिरी, रंगवलेलं पोट हे सगळं फोटोत छान दिसतं, रोज दमा घेऊन बसणाऱ्याला विचारा. २०१७ पासून सरकार जुन्या गाड्या काढून नव्या आणायला बघतंय. त्यात उभं राहता येतं आणि दार बाजूला असतं. मी दोन्हींतून कामावर गेलोय. नवीनच बरी.

धागाकर्ती

स्पॅनर, धुराचं मान्य. पण ती नवी गाडी २० लाख पेसोंच्या वर जाते. जुन्या जीपनीचा चालक मालकाला रोजचा ठरलेला आकडा देतो, त्याला 'बाउंडरी' म्हणतात. डिझेल स्वतःचं भरतो आणि उरेल ते घरी नेतो. २०२३ मध्ये कमीत कमी भाडं १३ पेसो झालं. त्यातून कर्ज कसं फेडायचं? मार्च २०२३ चा संप त्यावरूनच होता. एकेकट्या मालकांनी सहकारी संस्थेत किंवा कंपनीत या, अशी ३० एप्रिल २०२४ ची मुदत होती, तेव्हा आमच्या रोजच्या ड्रायव्हरने काचेवर निषेधाचा कागद चिकटवला होता. तुमची जीपनी आता कोणती, ते तिथे असणाऱ्यांनी लिहा.

रूळावरून

मनिलातल्या सांता मेसाला रेल्वेच्या रुळांवर लाकडी फळीची ट्रॉली चालायची. मागून एक जण पायाने रेटतो, आपण छत्रीखाली बसायचं. गाडीचा भोंगा ऐकू आला की सगळे उतरतात, ट्रॉली उचलून बाजूला धरतात, गाडी गेली की पुन्हा रुळावर. माझ्यासमोर एका आजींनी उतरताना आपलं स्टूलही काखेत घेतलं, म्हणजे रोजचंच असणार. नव्या मार्गाच्या बांधकामासाठी २८ मार्च २०२४ पासून मनिलातल्या लोकलगाड्या बंद केल्या. मी बसलो ते त्याआधी.

मीनल_ठाणे

वाचून मजा येतेय. पुढच्या महिन्यात आईला घेऊन जातेय. वय ७०, गुडघे दुखतात, पण जीपनीत बसायचंच म्हणून अडून बसली आहे. जमेल का?

आगाशी

जमेल. ड्रायव्हरच्या शेजारी पुढे दोन जागा असतात, त्यांना वेगळं दार असतं. वाकायला लागत नाही, पैसेही थेट हातात देता येतात. मधल्या थांब्यावर ती जागा मिळायची नाही, त्यामुळे गाडी जिथून सुटते तिथे जाऊन रिकामीत बसवा. साडी असेल तर मागून चढणं नकोच. ज्येष्ठांची सूट मागू नका, ती तिथल्या नागरिकांना आहे. आणि सुट्टे तुमच्याकडे ठेवा, आईंकडे दिलेत तर त्या घासाघीस करतील.