काळी स्क्रीन: आधी घरच्या मशीनवर लॉगआउट

हिंजवडीच्या ऑफिसातून विंडोज वापरून कोथरूडच्या घरातल्या उबंटू लिनक्सच्या मशीनला रिमोट डेस्कटॉपने जोडलं, की पासवर्ड घेतो आणि पुढे नुसती काळी स्क्रीन, असं तुम्ही म्हणताय. एक्सआरडीपीची (म्हणजे उबंटूवर रिमोट डेस्कटॉप पुरवणाऱ्या प्रोग्रामची) लॉगिन खिडकी दिसतेय म्हणजे त्याच्या 3389 पोर्टपर्यंत, नेटवर्कवरच्या त्याच्या दारापर्यंत, पोचलात. उगाच फायरवॉलच्या मागे लागू नका. एक्सआरडीपी स्वतःचं वेगळं सेशन उघडतं. त्याच युजरने घरी आधीच लॉगिन केलेलं असेल तर ग्नोम, म्हणजे उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप, रुसतो. तिथे लॉगआउट करा, नुसतं लॉक पुरत नाही. तरी काळंच राहिलं तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका आणि होम फोल्डरमधल्या .xsession फाइलमध्ये xfce4-session लिहा. (जुन्या मशीनला तसंही तेच झेपतं.) आणि राउटरवर 3389 थेट उघडं ठेवलं असेल तर आजच बंद करा, एसएसएच टनेलमधून, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीतून, जोडा.